राज्याचा विकास आणि दळणवळणाचे नियोजन : बडोद्याच्या अनुभवातून



या व्याख्यानमालेत बोलण्यासाठी संस्थेने मला बोलावले, याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. पत्रिकेवरचा विषय वाचून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. जन्मभर जिने ओव्या, बखरी आणि कादंबऱ्या शिकवल्या, तिने रेल्वे, रस्ते आणि बंदरे यांवर का बोलावे? शंका रास्त आहे. मी अर्थशास्त्राची अभ्यासक नाही, अभियंताही नाही. परंतु ज्यांचे आज आपण स्मरण करीत आहोत, त्या सरांविषयी बोलायचे तर मला आगगाडीपासूनच आरंभ करावा लागतो; आणि एकदा आरंभ केला की ती गाडी राज्याच्या अर्थकारणापर्यंत जाऊन पोहोचते.

माझे बालपण डभोईला गेले. साठच्या दशकात डभोईहून प्रतापनगरला येणाऱ्या नॅरोगेज गाडीने आम्ही पाच-सहा मुले रोज या शाळेत येत असू. गाडी लहान, तिची चालही संथ. आमच्यापैकी कोणाला उशीर झाला की वर्गाबाहेर उभे राहण्याची शिक्षा ठरलेली असे. सर मुख्याध्यापक झाले आणि त्यांनी दोन गोष्टी केल्या. कार्यालयात ज्या भिंतीवर शाळेचे वेळापत्रक टांगलेले होते, तिच्यावरच शेजारी त्यांनी गाडीचे वेळापत्रक टांगले. आणि गाडीने येणाऱ्या मुलांची हजेरी पहिल्या तासाऐवजी दुसऱ्या तासाला घ्यावी, असा नियम केला. आम्हांला तेव्हा त्यात विशेष काही वाटले नाही. मुले कोठून येतात, कशाने येतात आणि केव्हा पोहोचू शकतात, हे पाहून शाळा चालवावी, एवढाच त्यामागचा विचार होता. आज मला वाटते की राज्याच्या विकासनीतीला नेमका हाच विचार हवा असतो, आणि पुष्कळदा तोच राहून जातो. आजचे माझे व्याख्यान म्हणजे त्या दोन वेळापत्रकांवरचे भाष्य समजावे.

भाषेची विद्यार्थिनी असल्यामुळे प्रथम शब्दाकडे वळते. ‘वाहतूक’ या शब्दात ओझे वाहण्याचा अर्थ आहे. माल येथून उचलावा आणि तेथे ठेवावा. ‘दळणवळण’ हा शब्द त्याहून व्यापक. जुन्या मराठीत त्याचा अर्थ घसट, जाणे-येणे, देणे-घेणे असा होतो. दोन घरांत दळणवळण असते, दोन गावांत असते. तेथे केवळ पोती हलत नाहीत, माणसांचे संबंध हलते राहतात. एखादे काम पार पडले की आपण ‘ते मार्गी लागले’ म्हणतो. अनेक वर्षे पायाखाली तुडवून पक्की झालेली वाट आणि कायद्याने मानलेला हक्क या दोहोंची सांगड आपण ‘वहिवाट’ या एका शब्दात घातली आहे. म्हणजे रस्ता आणि माणसाचा अधिकार यांचे नाते आपल्या भाषेला ठाऊक होते. राज्यकारभाराला ते ठाऊक होते काय, हे पाहण्यासाठी आपल्याच बडोदे संस्थानाचा इतिहास हाताशी आहे.

तो इतिहास योगायोगाने माझ्या डभोईपासूनच सुरू होतो. १८६२ साली खंडेराव महाराजांच्या कारकिर्दीत डभोई ते मियागाम असा सुमारे वीस मैलांचा नॅरोगेज लोहमार्ग घातला गेला. भारतातील हा पहिला नॅरोगेज मार्ग. मियागामला तो मुंबई, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेच्या मोठ्या मार्गाला मिळत असे. काळ कोणता होता ते लक्षात घ्यावे. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या काळ्या जमिनीतल्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. अशा वेळी कापसाच्या मुलुखातून मुख्य मार्गापर्यंत रूळ टाकणे हा दूरदृष्टीचा निर्णय होता, हे मान्य केलेच पाहिजे.

पण या मार्गावरच्या गाड्या आरंभी बैल ओढीत असत. १८६३ मध्ये इंजिने आणली गेली. मात्र रूळ इतके हलके होते की त्यांना इंजिनाचा भार पेलवेना. १८७३ मध्ये अधिक वजनाचे रूळ घातले गेले आणि इंजिनांचा नियमित वापर १८८० मध्ये सुरू झाला. कल्पना करा, विकत घेतलेली इंजिने उभी आहेत आणि त्यांच्या मार्गावरून बैलजोडी गाडी ओढीत आहे! आपल्याला हसू येते. पण इंजिन आधी आणायचे आणि ते पेलणारे रूळ मागाहून घालायचे, ही चूक एकोणिसाव्या शतकातच संपली असे समजण्याचे कारण नाही. कारखान्यांची वसाहत आधी आखायची आणि तिच्याकडे जाणारा रस्ता, मजुरांची बस, मालाची साठवण यांचा विचार मागाहून करायचा, हा त्याच चुकीचा नवा अवतार आहे.

१८७५ मध्ये सयाजीराव महाराज दत्तक आले आणि १८८१ मध्ये त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले. त्यांच्यासमोरचा प्रश्न नकाशा पाहिल्याशिवाय कळत नाही. बडोदे संस्थान हा एकसंध मुलूख नव्हताच. मध्यभागी बडोदे, उत्तरेस कडी, दक्षिणेस नवसारी, काठियावाडात अमरेली आणि थेट पश्चिम टोकाला द्वारकेजवळ ओखामंडळ. आणि या तुकड्यांच्या मधे ब्रिटिश मुलूख व इतर संस्थाने पसरलेली. राज्याचे हात एकीकडे आणि पाय दुसरीकडे अशी ही स्थिती. अशा राज्यात दळणवळण हे एका खात्याचे काम राहू शकत नाही. सारा वसूल करणे, शाळा-तपासनीस पाठवणे, दुष्काळात धान्य पोहोचवणे, यांपैकी काहीही करायचे तरी आधी वाट हवी.

म्हणून त्यांच्या कारकिर्दीत मार्ग वाढत गेले. डभोई मध्यवर्ती धरून १८७९ ते १८८१ या काळात चांदोद, बहादरपूर आणि बडोदे या दिशांना नॅरोगेज मार्ग निघाले होते. १८८७ मध्ये मेहसाणा ते वडनगर हा मार्ग सुरू झाला. दक्षिणेत १९१४ पासून बिलिमोऱ्याहून डांगच्या जंगलाकडे, पुढे वघईपर्यंत, मार्ग टप्प्याटप्प्याने नेण्यात आला. त्यावरून सागाचे लाकूड येई. या मार्गांच्या जोडीला इतर गोष्टीही घडत होत्या. १८९० मध्ये कलाभवन स्थापन झाले. सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग १८९३ मध्ये अमरेलीत झाला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू झाला. १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा निघाली. १९१० नंतर ग्रंथालयांचे जाळे विणले गेले आणि लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये खेड्यांत जाऊ लागली. पुस्तकाच्या पेटीलाही वाट लागते, हे आम्ही साहित्याची माणसे फार सहज विसरतो.

मात्र लोहमार्ग घातला की विकास आपोआप येतो, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. १८९९-१९०० चा दुष्काळ गुजरातेत ‘छप्पनियो’ म्हणून आजही ओळखला जातो. १८९१ च्या शिरगणतीत बडोदे संस्थानाची लोकसंख्या सुमारे २४ लाख १५ हजार होती; १९०१ मध्ये ती सुमारे १९ लाख ५२ हजारांवर आली. दुष्काळ आणि रोगराई यांनी दहा वर्षांत राज्याचा जवळजवळ पाचवा हिस्सा ओस पाडला. तेव्हा रेल्वे होती. रेल्वेने दूरचे धान्य स्थानकापर्यंत येऊ शकत होते. पण ज्याची गुरे मेली आणि ज्याला मजुरी उरली नाही, त्याच्या पदरात ते धान्य विकत घेण्याची ऐपत रेल्वे कशी घालणार? रूळ आणि पाणी, रूळ आणि रोजगार यांचा विचार एकत्र झाला नाही, तर रूळ एकटे अपुरे पडतात.

हा प्रश्न ज्यांनी अत्यंत तळमळीने मांडला, ते रमेशचंद्र दत्त बडोद्याच्या सेवेत आले, हा आपल्या इतिहासातला भाग्ययोग म्हटला पाहिजे. भारताच्या आर्थिक इतिहासावरच्या आपल्या द्विखंडी ग्रंथात त्यांनी दाखवून दिले होते की, ब्रिटिश सरकारने रेल्वे कंपन्यांना भांडवलावरच्या व्याजाची हमी दिली, त्या हमीचा भार भारतीय रयतेवर टाकला आणि कालव्यांकडे मात्र त्या मानाने फार थोडे लक्ष दिले. रेल्वे नको, असे त्यांचे म्हणणे नव्हते. रेल्वे कोणासाठी आणि कशाच्या बदल्यात, एवढाच त्यांचा सवाल होता. १९०४ मध्ये सयाजीरावांनी त्यांना महसूल अमात्य म्हणून बोलावले. १९०९ मध्ये ते दिवाण झाले आणि त्याच वर्षी याच शहरात त्यांचे निधन झाले. सरकारच्या धोरणावर कठोर टीका करणाऱ्या विद्वानाला कारभारात स्थान देणे, हीसुद्धा एक विकासनीतीच होती.

आता पश्चिम टोकाकडे जाऊ. ओखामंडळ म्हणजे खारी जमीन, थोडा पाऊस आणि तिन्ही बाजूंनी समुद्र. महसुलाच्या दृष्टीने पाहिले तर डोईजड मुलूख. पण संस्थानाने त्याच्याकडे वेगळ्या नजरेने पाहिले. १९२६ मध्ये ओखा बंदर खुले झाले. बंदरापर्यंत लोहमार्ग आला. जवळ खारे पाणी होते, कडक ऊन होते, चुनखडी होती. कपिलराम वकील यांनी तेथे मिठाचा उद्योग उभा केला आणि १९३९ मध्ये मिठापूरला टाटा केमिकल्सची स्थापना झाली. सोडा ॲश बनवायला मीठ आणि चुनखडी लागते, ती तेथे होती. परंतु पक्का माल देशभर पाठवण्याची सोय नसती, तर ते खारे पाणी हजारो वर्षे जसे होते तसेच राहिले असते. बंदर, रूळ, कच्चा माल आणि कारखाना हे सारे एकाच चित्राचे भाग म्हणून पाहिले गेले, म्हणून ओसाड मुलूख उद्योगाचे ठिकाण बनला.

याच काळात, १९२७ पासून १९४४ पर्यंत, व्ही. टी. कृष्णम्माचारी बडोद्याचे दिवाण होते. स्वातंत्र्यानंतर ते नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले. म्हणजे बडोद्याच्या कारभारात मुरलेला माणूस पुढे साऱ्या देशाच्या योजना आखू लागला. याचा आपल्याला अभिमान वाटावा, पण त्या अभिमानाबरोबर ओखा बंदराचा दुसरा धडाही लक्षात ठेवावा. बंदर खुले झाले १९२६ मध्ये. आणि काठियावाडातील संस्थानी बंदरांतून ब्रिटिश हद्दीत येणाऱ्या मालावर वीरमगामची जकातीची नाकेबंदी, जी १९१७ मध्ये उठली होती, ती १९२७ मध्ये पुन्हा बसवण्यात आली. मुंबईच्या बंदराशी होणारी स्पर्धा ब्रिटिश सरकारला नको होती. धक्का बांधला, रूळ टाकले, पण जकातीचे धोरण दुसऱ्याच्या हाती; मग बंदराला पूर्ण बळ कोठून येणार? दळणवळण म्हणजे केवळ दगड-लोखंड नव्हे; त्यावरचे दर, कर आणि नियम हेही दळणवळणच आहे.

स्वातंत्र्यानंतर जकातीच्या त्या रेषा पुसल्या गेल्या, पण अधिकारांची वाटणी राहिलीच. आपल्या संविधानाने रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग आणि मोठी बंदरे केंद्राकडे दिली. इतर रस्ते राज्यांकडे. आणि मोठ्या बंदरांखेरीजची बंदरे समवर्ती सूचीत. त्यातच रेल्वेचा अर्थसंकल्प १९२४ पासून वेगळा मांडला जात असे. तो २०१७ मध्ये सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाला. राज्याने उद्योगनीती आखावी, शेतीनीती आखावी, पण माल ज्यावरून जायचा ते रूळ दुसऱ्याचे, मोठा रस्ता तिसऱ्याचा. सरांच्या भाषेत सांगायचे तर दोन वेळापत्रके दोन वेगळ्या इमारतींत टांगलेली.

या वाटणीतही विचारी माणसांनी रस्ता शोधला आहे. १९२७ मध्ये बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. पेट्रोलवर जादा कर लावून तो पैसा रस्त्यांसाठी राखून ठेवावा, ही शिफारस त्या समितीची. तीतून १९२९ मध्ये केंद्रीय रस्तेनिधी निर्माण झाला. १९४३ मध्ये निरनिराळ्या प्रांतांचे मुख्य अभियंते नागपूरला जमले आणि त्यांनी रस्त्यांची राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्हा व ग्राम अशी वर्गवारी केली. शेतीने समृद्ध अशा प्रदेशातले कोणतेही खेडे मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, असे त्यांनी ठरवले. मला हे उद्दिष्ट फार मोलाचे वाटते, कारण त्यात मैलांची मोजणी खेड्यापासून सुरू होते. खेड्यापर्यंत रस्ता नेण्याचे राहिलेले काम २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने देशभर हाती घेतले.

वाहतुकीचा दर हा विकासाची दिशा कशी बदलतो, याचे एक उदाहरण सांगते. १९५० च्या दशकात केंद्राने भाडेसमानीकरणाचे धोरण आणले. पोलाद आणि कोळसा देशात कोठेही जवळपास सारख्या भावाने मिळावा, ही कल्पना, हेतू उदात्त. पण त्यामुळे खाणींच्या शेजारी कारखाना काढण्याचा जो नैसर्गिक लाभ बिहार, बंगाल व ओडिशाला मिळाला असता, तो नाहीसा झाला. बंदरे आणि बाजारपेठा जवळ असलेल्या पश्चिमेकडच्या राज्यांना, म्हणजे महाराष्ट्राला आणि आपल्या गुजरातेलाही, त्याचा फायदा झाला. १९९० च्या दशकाच्या आरंभी हे धोरण मागे घेतले गेले, पण तोवर चार दशके लोटली होती. आपल्या भागाच्या उद्योगशीलतेचे कौतुक करताना, त्या कौतुकातला काही वाटा एका भाडेपत्रकाचा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करावे.

गुजरात राज्याने आपल्या हाती असलेल्या अधिकारांचा उपयोग मात्र कुशलतेने केला. मोठी बंदरे केंद्राची, तर लहान बंदरांकडे लक्ष द्यावे, या विचाराने १९८२ मध्ये गुजरात मेरीटाइम बोर्ड स्थापन झाले. १९९५ मध्ये राज्याने स्वतंत्र बंदरनीती जाहीर केली आणि खासगी भांडवलाला वाट करून दिली. पिपावाव, मुंद्रा, दहेज ही नावे त्यानंतर सर्वांच्या तोंडी झाली. एवढा लांब किनारा पूर्वीही होताच. नीतीने त्याला अर्थ दिला. महाराष्ट्रात नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला. त्याची आखणी करतानाच वाटेवर कृषी-नगरे वसवण्याची योजना होती. रस्ता आणि वस्ती यांचा एकत्र विचार झाला, हे स्वागतार्ह आहे. ती नगरे कशी उभी राहतात, यावर त्या विचाराचे यश ठरेल.

परंतु, श्रोतेहो, या झगमगाटात एक गोष्ट सुटू नये. अहमदाबाद-बडोदे द्रुतगती मार्गावरून आपण सर्वच जातो. सुंदर मार्ग आहे. त्यावर दुचाकीला आणि तीनचाकीला प्रवेश नाही, आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. पण ज्याचे शेत त्या मार्गाच्या दोन्ही अंगांना विभागले गेले, त्याला पलीकडच्या तुकड्यावर जायला पुलाखालची वाट किती अंतरावर आहे? रस्ता गावावरून जातो आणि रस्ता गावाला येतो, या दोन वाक्यांत मराठीने एका प्रत्ययाचा फरक ठेवला आहे. विकासनीतीने त्या प्रत्ययाकडे लक्ष दिले पाहिजे.

हे मी कोणा ग्रंथातून शिकले नाही. माझी एक मामेबहीण माझ्याहून दोन वर्षांनी लहान. तिचे गाव तालुक्याच्या ठिकाणापासून बारा किलोमीटर आत. गावाचे नाव येथे सांगत नाही. असे गाव प्रत्येकाच्या नात्यात एखादे असतेच. ती माझ्यापेक्षा हुशार. गणितात तर माझी गुरू. गावची शाळा सातवीपर्यंत. आठवीसाठी तालुक्याला जायचे तर संध्याकाळी परत येणारी एकच बस होती. प्रवासी पुरेसे नाहीत, या कारणास्तव ती बंद झाली. मुलीला अंधारात बारा किलोमीटर चालत कोण पाठवणार? तिचे शिक्षण तेथे थांबले. काही वर्षांपूर्वी मला विद्यापीठातून निवृत्त होताना निरोप दिला गेला, त्या समारंभाला ती आली होती. माझ्याविषयीची भाषणे तिने कौतुकाने ऐकली. घरी आल्यावर साडीची घडी करता करता ती म्हणाली, “ताई, तुझ्या गावावरून गाडी जायची गं.” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण त्या एका वाक्याने माझ्या पदव्यांचा हिशेब नीट मांडला गेला.

त्या बसच्या जमाखर्चात अर्ध्या तिकिटाच्या पाच-सात मुलांची नोंद ‘तोटा’ म्हणून झाली असेल. मी त्या हिशेबनिसाला दोष देत नाही; त्याच्यासमोरच्या वहीत तेवढाच रकाना होता. शिकली असती तर ती शिक्षिका झाली असती, तिच्या हाताखालून शेकडो मुले गेली असती, हे लिहायला रकाना नव्हता. तो रकाना वहीत आखणे, हे राज्याच्या आर्थिक नीतीचे काम आहे.

हा प्रश्न जुना झालेला नाही. २०२० च्या अखेरीस आपल्या भागातल्या काही नॅरोगेज शाखा तोट्यात आहेत म्हणून कायमच्या बंद करण्याच्या यादीत आल्या. बिलिमोरा-वघई मार्गही त्या यादीत होता. डांगकडच्या आदिवासी प्रवाशांची ती गाडी. लोकांनी मागणी केली आणि २०२१ मध्ये ती पुन्हा धावू लागली. प्रत्येक जुनी शाखा जपलीच पाहिजे, असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी बस अधिक सोयीची, काही ठिकाणी मोठ्या मापाचा रूळ हवा. चांदोदची आमची जुनी नॅरोगेज वाट मोठ्या मापाची होऊन केवडियापर्यंत वाढली आणि जानेवारी २०२१ मध्ये तिच्यावरून देशाच्या निरनिराळ्या भागांतून गाड्या येऊ लागल्या. त्याचा मला डभोईकर म्हणून आनंदच झाला. माझे म्हणणे इतकेच, की गाडी बंद करण्यापूर्वी तिच्यावर कोण अवलंबून आहे, हे शिक्षण, आरोग्य आणि शेती या खात्यांनाही विचारले जावे. आणि पर्याय सुरू झाल्यानंतरच जुनी सोय बंद व्हावी.

सुदैवाने आज एकत्रित विचाराची भाषा सर्वत्र ऐकू येते. २०२१ मध्ये केंद्राने गतिशक्ती आराखडा जाहीर केला. निरनिराळ्या खात्यांचे रूळ, रस्ते, बंदरे, वाहिन्या एकाच नकाशावर आणण्याचा त्याचा हेतू आहे. त्याच वर्षी गुजरातने आणि २०२४ मध्ये महाराष्ट्राने मालवाहतूक व साठवणुकीची स्वतंत्र धोरणे स्वीकारली. आणि या विषयाचे विद्यापीठ, गतिशक्ती विश्वविद्यालय, २०२२ मध्ये स्थापन झाले ते आपल्याच बडोद्यात, लालबागेत. बैलांनी ओढलेल्या गाडीपासून विद्यापीठापर्यंत या शहराने एकशे साठ वर्षांत मजल मारली. येथे बसलेल्या विद्यार्थ्यांपैकी काही जण उद्या तेथे शिकतील. त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगून मी थांबणार आहे.

पहिली, दळणवळणाचा विचार योजनेच्या पहिल्या पानावर करा. कारखाना, बाजार समिती, रुग्णालय, महाविद्यालय यांची जागा ठरवतानाच तेथे माणूस आणि माल कसा पोहोचेल, हे ठरवा. मागाहून जोडलेला रस्ता नेहमी महाग पडतो. दुसरी, नुसते बांधू नका, जपा. नव्या रस्त्याचे उद्घाटन होते, जुन्या रस्त्याच्या डागडुजीचे होत नाही, म्हणून तिच्यासाठी पैसा आधीच बाजूला काढून ठेवावा लागतो. जयकर समितीला हे शंभर वर्षांपूर्वी उमगले होते. आणि तिसरी, मोजणी शेवटच्या घरापासून करा. राजधानीपासून किती तास, हे नंतर पाहा. त्या घरातल्या मुलीला शाळेत जाऊन उजेडात परत येता येते का, हे आधी पाहा. तिचे उत्तर ‘होय’ असेल, तर त्या वाटेवरून दूध, भाजी, औषध आणि मजूर हेही जातील-येतील. विकास म्हणून ज्याची आकडेवारी आपण मांडतो, तो बराचसा असाच येतो.

आमचे सर अर्थतज्ज्ञ नव्हते. पंचवार्षिक योजनांवर त्यांनी कधी व्याख्यान दिल्याचे मला आठवत नाही. पण गाडीचे वेळापत्रक बदलले की नवा कागद आणून तो भिंतीवर लावण्याचे काम ते शिपायाला न सांगता स्वतः करीत. पावसाळ्यात गाडी अडली की दुसऱ्या तासाची हजेरी तिसऱ्या तासाला जाई. त्या हजेरीपटावर माझे नाव शेवटपर्यंत राहिले, म्हणून मी आज आपल्यापुढे उभी आहे. त्या भिंतीवर आता दुसऱ्या तसबिरी आहेत. संस्थेला माझी एक नम्र विनंती आहे: आज या शाळेत बाहेरगावाहून किती मुले येतात, कशाने येतात आणि घरी केव्हा पोहोचतात, याची एक यादी करावी आणि ती शाळेच्या वेळापत्रकाशेजारी लावावी. सरांचे याहून योग्य स्मारक मला सुचत नाही.